वाजलं किती, पोचलं किती

वाशिमहून रिसोडकडे निघालं की वाटेत रिठद लागतं. सोयाबीन-तुरीच्या पट्ट्यातलं गाव. पैशाची, पावसाची, मजुरांची टंचाई या पट्ट्याला नवी नाही, गाण्यांची मात्र ती कधी पडत नाही. कार्तिकात पहाटे भोंग्यावर काकडा, चौदा एप्रिलला भीमगीतं, पोळ्याला बैलांपुढे वाजंत्री, गणपतीत बेंजो पार्टी, लग्नसराईत छातीत धडधड उठवणारा डीजे. एरवी ट्रॅक्टरच्या टपावर, पिठाच्या गिरणीत, कटिंगच्या दुकानात काही ना काही चालूच असतं.

यातलं प्रत्येक गाणं कोणीतरी लिहिलंय, कोणीतरी त्याला चाल लावलीय, कोणीतरी स्टुडिओत रात्र काढून ते उभं केलंय. गाणं वाजलं की त्यांना पैसे मिळायला हवेत असं कायदा म्हणतो. ते मिळतात का? या प्रश्नाचं उत्तर मुंबईतल्या कचेऱ्यांत शोधलं की आकडे मिळतात. रिठदच्या चौकात उभं राहून शोधलं तर पैसा कुठे गळतो ते दिसतं. म्हणून या लेखापुरतं रिठदचं एक वर्ष हिशेबाला घेऊ.

एक गाणं, धनी अनेक

आधी हे पाहू की गाण्याचा धनी कोण. शब्द गीतकाराचे. चाल संगीतकाराची. हे दोन्ही मिळून गाण्याची रचना होते आणि तिचे हक्क वेगळे. ती रचना गाऊन, वाजवून जे ध्वनिमुद्रण तयार होतं, त्याचा हक्क आणखी वेगळा, आणि तो बहुतेक वेळा म्युझिक कंपनीकडे असतो. गाणाऱ्याचा कलाकार म्हणून तिसरा हक्क. त्यामुळे एकच गाणं एफएमवर लागलं तरी पैशाच्या तीन वाटा फुटतात.

गीतकार-संगीतकारांचा पैसा गोळा करते इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस. ती 1969 साली स्थापन झाली. ध्वनिमुद्रणाचे परवाने देणारी फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड तिच्याहून जुनी, 1941 ची. गायकांसाठीची संस्था 2013 ची. हॉटेल, रेडिओ, कार्यक्रमाचे आयोजक, मोबाईलवरच्या गाण्यांच्या कंपन्या यांनी या संस्थांकडून परवाना घ्यायचा, संस्थांनी जमलेला पैसा वाजलेल्या गाण्यांच्या नोंदींप्रमाणे वाटायचा, अशी ही व्यवस्था.

तिचा उगम पॅरिसमधल्या एका कॅफेत आहे. 1847 साली एर्नेस्ट बुर्जे हा गीतकार दोन संगीतकार मित्रांबरोबर तिथे बसला होता. तिथल्या वादकांनी त्यांचीच गाणी वाजवली. बिल आलं तेव्हा या मंडळींनी पैसे द्यायला नकार दिला. आमची गाणी वाजवून तुम्ही गिऱ्हाईक जमवता आणि आम्हाला काही देत नाही, मग आम्ही तुमच्या पेयाचे पैसे का द्यावेत? प्रकरण कोर्टात गेलं आणि लिहिणारे-चाल लावणारे जिंकले. त्यातूनच 1851 साली सासेम ही फ्रेंच संस्था जन्माला आली. जगभरच्या अशा संस्थांचं मूळ या न भरलेल्या बिलात आहे.

ठोका की बटई

वऱ्हाडातल्या माणसाला रॉयल्टी समजावायला फार शब्द लागत नाहीत. शेत ठोक्यानं दिलं की रक्कम एकदाच ठरते. मग पीक बक्कळ येवो की करपो, मालकाला त्याचं काही नाही. बटईनं दिलं तर आलेल्या मालात वाटा. मराठी गीतकारांनी आजवर बहुतेक शेतं ठोक्यानं दिली. गाणं लिहायचं, पाकीट घ्यायचं, विषय संपला. गाणं चाळीस वर्षं वाजत राहिलं तरी पाकीट तेच. अडीच हजारांच्या घरात गाणी लिहिणारे जगदीश खेबुडकर शाळेत शिक्षक होते, शान्ता शेळके महाविद्यालयात शिकवत होत्या. गाणं हे मराठीत पोट भरायचं साधन अपवादानंच होतं.

याला कायद्याचीही साथ होती. 1977 साली सर्वोच्च न्यायालयात आयपीआरएस आणि चित्रपट निर्माते आमनेसामने आले. वेगळा करार नसेल तर मोबदला देऊन लिहून घेतलेल्या गाण्याचा पहिला मालक चित्रपटाचा निर्माता, असा निकाल लागला. त्याच निकालाला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एक टिपण जोडलं आणि गाणाऱ्याला आपल्या कायद्यात काहीच हक्क नाही याकडे संसदेचं लक्ष वेधलं. गायकांच्या रॉयल्टीचा वाद त्याआधीही पेटला होता. साठच्या दशकात लता मंगेशकरांनी ती मागितली, मोहम्मद रफींना ते पटलं नाही, आणि काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत.

चित्र पालटलं 2012 मध्ये. कवी-गीतकार जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते आणि त्यांनी हा विषय लावून धरला. त्या वर्षी मे महिन्यात कॉपीराइट कायद्यातली दुरुस्ती दोन्ही सभागृहांत मंजूर झाली आणि 21 जूनला अमलात आली. तिचा गाभा असा: गीतकार-संगीतकार गाणं विकू शकतो, पण रॉयल्टीचा आपला वाटा विकू शकत नाही. तो वारसांना किंवा संस्थेलाच देता येतो. करारात 'सर्व हक्क कायमचे सोडले' असं लिहून घेतलं तरी रॉयल्टीपुरतं ते वाक्य टिकत नाही. वाटा गाण्याच्या मालकाशी समसमान. चित्रपटगृहात चित्रपटासोबत गाणं वाजतं तेवढं यातून वगळलेलं आहे.

शंभर रुपये वाटपाला आले असं धरा. पन्नास गाण्याच्या मालकाला, म्हणजे बहुधा म्युझिक कंपनीला. उरलेले पन्नास लिहिणारा आणि चाल लावणारा यांचे. दोघांत सारखे वाटले तर प्रत्येकी पंचवीस. शंभरातले पंचवीस ऐकायला बरे वाटतात. पण ते शंभर जमतात कुठून?

रिठदचं वर्ष

सुरुवात लग्नापासून करू, कारण गावात सर्वांत जास्त आवाज लग्नात होतो. नवरदेवाची वरात, हळद, रात्रीचा डीजे. इथून गीतकाराला मिळतात शून्य रुपये, आणि ते कायद्यानंच. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये धार्मिक विधी आणि सरकारी समारंभ यांना सूट आहे, आणि लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले समारंभ धार्मिक विधीतच धरले आहेत. केंद्राच्या उद्योग आणि अंतर्गत व्यापार प्रोत्साहन विभागानं 24 जुलै 2023 ला सूचना काढून लग्नात रॉयल्टी मागू नका असं बजावलं. गोवा सरकारनं जानेवारी 2024 मध्ये तसंच परिपत्रक काढलं, पण उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं ऑगस्टमध्ये ते रद्द केलं. कायद्यातली सूट जेवढी आहे तेवढीच, परिपत्रकानं ती फुगवता येणार नाही, असा त्याचा अर्थ. गोव्यातल्या पंचतारांकित हॉटेलातल्या तीन दिवसांच्या लग्नासाठी हा भेद लाखमोलाचा आहे. रिठदच्या मांडवाला त्यानं काही फरक पडत नाही.

दुसरा नंबर देवळाचा. काकडा, हरिपाठ, सप्ताह. तुकोबा-ज्ञानोबांच्या शब्दांवर कोणाचा कॉपीराइट नाही. पण विदर्भातल्या भजनी मंडळांत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं हमखास असतात आणि तिथे गंमत आहे. आपल्याकडे शब्द आणि चाल यांवरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. महाराजांचं निर्वाण ऑक्टोबर 1968 चं. म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या भजनांवरचा हक्क 2028 संपेपर्यंत जिवंत आहे. भजनी मंडळाला घाबरायचं कारण नाही, हौशी मंडळींनी फुकट ऐकवलेल्या गाण्याला आणि धार्मिक विधीला सूट आहेच. पण तीच भजनं कोणी ध्वनिमुद्रित करून बाजारात आणली तर हिशेब बदलतो.

मग पोळा. वऱ्हाडात पोळा जवळ आला की 'काळ्या मातीत मातीत' कुठून ना कुठून कानावर येतंच. विठ्ठल वाघांची ही कविता 1981 च्या 'अरे संसार संसार' या चित्रपटात आली, चाल अनिल-अरुण यांची. चित्रपटाचं नाव बहिणाबाईंच्या कवितेवरून. बहिणाबाई 1951 मध्ये गेल्या, गाणी छापली गेली त्यांच्या पश्चात 1952 मध्ये, आणि अशा वेळी 60 वर्षं प्रकाशनापासून मोजतात. म्हणजे त्यांचे शब्द 2012 संपलं तेव्हा सगळ्यांचे झाले. वाघांचं गाणं मात्र हक्कातलं आहे. ते आकाशवाणीवर लागलं तर त्याची नोंद होते. गावच्या चौकात स्पीकरवर लागलं तर होत नाही. वऱ्हाडच्या मातीतलं गाणं वऱ्हाडच्याच मातीत वाजतं, तेव्हा ते कुठल्याच वहीत चढत नाही.

स्टँडवरचं चहाचं हॉटेल घ्या. पॅरिसच्या कॅफेला जो नियम लागला तोच याला लागतो. धंद्याच्या जागी गिऱ्हाइकांना गाणी ऐकवायची तर परवाना हवा. मुंबई-पुण्यातल्या हॉटेलांकडे संस्थांची माणसं जातात, नोटिसा येतात, खटले होतात. दिवसाला काही शे कप विकणाऱ्या हॉटेलाकडे कोण येणार? येऊन जमणारी रक्कम येण्याजाण्याच्या खर्चालाही पुरायची नाही.

राहिले मोठे कार्यक्रम: गणपतीतला ऑर्केस्ट्रा, जयंतीनिमित्तची गायन पार्टी. ग्रामपंचायतीच्या सरकारी समारंभाला सूट आहे, मंडळाचा रंगमंचावरचा कार्यक्रम त्या सुटीत सरळ बसत नाही. परवाना घेतला तरी पुढे एक काम असतं. कोणती गाणी वाजली त्याची यादी द्यायची. यादी आली नाही तर तो पैसा दुसरीकडच्या नोंदींच्या आधारे वाटावा लागतो. मग रिठदला गायलेल्या भीमगीताचा रुपया एफएमवर दिवसातून पाचदा लागणाऱ्या हिंदी गाण्याकडे जाऊ शकतो. यात लबाडी कोणाचीच नाही. ज्याची नोंद, त्याचा पैसा, एवढंच.

नाव आहे, नोंद नाही

गाण्यावर आपलं नाव कोरायची रीत आपल्याकडे जुनी आहे. अभंगाच्या शेवटी संताचं नाव येतं, तुकडोजी महाराजांच्या भजनात 'तुकड्यादास' येतो, शाहिराच्या पोवाड्यात शाहीर स्वतःला बसवतो. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (1922–2004) यांनी हजारो गाणी लिहिली आणि शेवटच्या कडव्यात 'वामन' गुंफला. छापील वही नसताना, रेकॉर्ड नसताना, गाणं एका गायन पार्टीकडून दुसऱ्या पार्टीकडे तोंडातोंडी गेलं तरी कर्ता हरवत नव्हता. विदर्भ-मराठवाड्यात वामनदादांचं गाणं कोणाचं हे सांगावं लागत नाही.

पण नाममुद्रेनं कीर्ती मिळते, बँकेत पैसे येत नाहीत. वामनदादांच्या शब्दांवरचा हक्क 2064 संपेपर्यंत चालेल. त्यांच्या गाण्यांच्या कॅसेटी निघाल्या, सीडी निघाल्या, आता व्हिडिओ निघतात. गावोगावच्या व्हिडिओंखाली गायकाचं नाव ठळक, चॅनेलवाल्याचं त्याहून ठळक, आणि गीतकार पुष्कळदा 'पारंपरिक'. हयातीत आपल्यातच वावरलेल्या कवीला 'पारंपरिक' म्हटलं की त्याचा वाटा परस्पर निकालात निघतो.

भीमगीतांच्या आणि भजनांच्या बाबतीत आणखी एक गाठ आहे. शब्द नवे, चाल चित्रपटातली. गावोगावचे कवी चाल आधी धरतात आणि तीवर शब्द बसवतात. लोकांच्या ओठी पटकन बसावं म्हणून ते योग्यच. स्टेजवर कोणी विचारत नाही. पण तेच गाणं यूट्यूबवर चढवलं की यंत्र ते ओळखू शकतं, आणि जाहिरातीचा पैसा चालीच्या धन्याकडे वळू शकतो. नवे शब्द लिहिणाऱ्याला त्यात हात घालायला जागा उरत नाही, कारण चाल वापरायची परवानगीच घेतलेली नसते. स्वतःची चाल बांधणारा कवी इथे फायद्यात राहतो.

ऐकणं पहिल्यांदा मोजलं गेलं

पंधरा वर्षांपूर्वी रिसोड-वाशिमच्या मोबाईल शॉपींत मेमरी कार्डात गाणी भरून मिळायची. दहा-वीस रुपयांत कार्ड भरायचं, आणि त्यातला छदामही गाण्याच्या कर्त्याकडे जायचा नाही. आता गडी रानात फवारणीला जाताना फोनवर यूट्यूब लावतो. त्याला यात फक्त सोय दिसते. हिशेबाच्या बाजूनं पाहिलं तर ही मोठी उलथापालथ आहे, कारण रिठदमधलं ऐकणं आता कुठेतरी लिहिलं जातंय. कोणतं गाणं, किती वेळा, किती सेकंद. चौकातला स्पीकर जे सांगू शकला नाही ते फोन सांगतो.

त्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. आयपीआरएसची 2022-23 ची वसुली सुमारे 564 कोटी रुपयांची होती, आणि तिचा मोठा भाग मोबाईल-इंटरनेटवरच्या गाण्यांतून आला. रेडिओचं दारही कोर्टानं उघडलं. एफएम कंपन्या म्हणत होत्या की आम्ही ध्वनिमुद्रणाचे पैसे भरले, त्यात शब्द-चालीचे आलेच. 28 एप्रिल 2023 ला मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती मनीष पितळे यांनी ते अमान्य केलं. 2012 च्या दुरुस्तीनं ध्वनिमुद्रण प्रत्येक वेळी लोकांपर्यंत जाताना लिहिणाऱ्याला आणि चाल लावणाऱ्याला रॉयल्टीचा हक्क दिला आहे, असं त्यांनी स्पष्ट केलं.

पण मोजलं गेलं म्हणजे मिळालं असं नाही. कंपनीकडून संस्थेकडे जी यादी येते तिच्यात लाखो ओळी असतात. गाण्याचं नाव, बारा अक्षरांचा आयएसआरसी क्रमांक, वाजल्याची संख्या. आयएसआरसी ध्वनिमुद्रणाची ओळख सांगतो, शब्द कोणाचे हे नाही. त्यासाठी दुसऱ्या बाजूला रचनेची नोंद लागते. नोंदीच्या पानावर रकाने असतात: गाण्याचं नाव, पर्यायी नाव, भाषा, गीतकार, संगीतकार, प्रकाशक, आणि प्रत्येकापुढे टक्का. सगळे टक्के मिळून शंभर व्हायला हवेत. दोन्ही बाजू जुळल्या तर पैसा हलतो. आपल्याकडे हे जुळणं अडतं ते साध्यासाध्या जागी. मराठी नावं इंग्रजी अक्षरांत लिहायची, तर 'वाघ' कोणी व्हीनं लिहितो, कोणी डब्ल्यूनं. एका गाण्याची नावं तीन, ध्रुवपदावरून एक, पहिल्या कडव्यावरून दुसरं, लोकांनी पाडलेलं तिसरं. म्हणूनच सभासदाला आयपीआय नावाचा एक आंतरराष्ट्रीय क्रमांक मिळतो. नाव कसंही लिहा, क्रमांक बदलत नाही.

संगीत उभं करणाऱ्याचं काय?

गाण्याच्या कारखान्यात आणखी एक माणूस असतो, ज्याला आताशा प्रोड्युसर म्हणतात. लॅपटॉपवर ठेका बांधणारा, संबळ आणि हलगीचे आवाज कापून जोडणारा, गायकाचा सूर सावरणारा. भारतीय कायदा ज्याला ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणतो तो मात्र वेगळा: ज्यानं पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो, म्हणजे बहुधा कंपनी किंवा चॅनेलचा मालक. लॅपटॉपवाल्याला कायद्यात स्वतःची अशी खुर्ची नाही. जुन्या काळातल्या संगीत संयोजकाचीही हीच गत होती. गाण्याआधीचा वाद्यमेळ, कडव्यांमधल्या जागा त्यानं रचायच्या, लोकांनी त्या गुणगुणायच्या, आणि त्याला रेकॉर्डिंगच्या दिवसाचे पैसे.

आता यातून एक वाट निघते. नव्या मराठी गाण्यांत ठेका आणि चाल एकाच माणसाच्या डोक्यातून एकत्र निघतात. 2024 मध्ये गाजलेल्या 'गुलाबी साडी'च्या श्रेयनामावलीत गायक-गीतकार संजू राठोड यांच्याबरोबर जी-स्पार्क हे संगीत करणाऱ्याचं नाव लोकांच्या तोंडी झालं, हा बदल लहान नाही. संगीत उभं करणाऱ्याचं नाव संगीतकार म्हणून नोंदलं तर त्याला रचनेत वाटा मिळतो. फक्त संयोजक किंवा प्रोग्रॅमर म्हणून लिहिलं तर मिळतं ते मानधन. काम तेच, फरक रकान्याचा. अमेरिकेतही इंटरनेट-उपग्रह रेडिओच्या पैशात प्रोड्युसरला वाटा मिळण्याची रीतसर सोय कायद्यानं झाली ती 2018 मध्ये.

आपल्या तालुक्याच्या गावांतला प्रोड्युसर बहुतेक वेळा रिमिक्सवाला असतो. गाजलेल्या गवळणीखाली जाड ठेका घालायचा आणि मध्येच, दर अर्ध्या मिनिटाला, स्वतःच्या नावाची आरोळी पेरायची. गाणं चोरलं तरी नाव पुसता येऊ नये म्हणून. वामनदादांनी शेवटच्या कडव्यात जे केलं तेच हा पोरगा ठेक्यात करतोय. फरक असा की त्याच्या हातात मूळ गाण्याची परवानगी नसते. त्यामुळे वरातीत नाव कितीही दुमदुमलं तरी त्या नावावर कोणाकडे एक रुपया मागता येत नाही. त्याच हातांनी स्वतःची चाल बांधली असती तर?

चार ओळींचा कागद

या सगळ्या हिशेबातून एक गोष्ट उरते. रिठदच्या चौकात वाजणाऱ्या गाण्याचा पैसा वसूल होण्याची शक्यता आजही नाही, आणि बऱ्याच ठिकाणी तो होऊही नये. लग्नाच्या मांडवात, देवळाच्या पारावर वसुलीवाला आला तर गाणंच बंद पडेल. कायद्यानं ती जागा मोकळी ठेवली हे शहाणपणाचं आहे. पण फोनवरच्या ऐकण्याचा पैसा जमतो आहे, रेडिओचा जमतो आहे, आणि तो घ्यायला गावाकडचा गीतकार रांगेतच उभा नाही.

रांगेत लागायला फार काही लागत नाही. आपलं किमान एक गाणं प्रसिद्ध झालेलं असावं, पॅनकार्ड आणि बँकेचं खातं असावं, संस्थेचं सभासदत्व घ्यावं, आणि प्रत्येक गाणं नोंदवावं. त्याहून महत्त्वाचा असतो तो आधीचा कागद. चॅनेलवाल्याला गाणं देण्यापूर्वी चार ओळी लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात: शब्द कोणाचे, चाल कोणाची, संगीत कोणी केलं, कोणाचा किती टक्का. भावाभावांत वाटणी तोंडी झाली की पुढं काय होतं हे गावाला सांगायला नको. जुन्या कवींच्या घरच्यांनी वह्या काढून बसावं. कवी गेला तरी 60 वर्षं हक्क घरात असतो, पण वारसांनी तो सांगितल्याशिवाय कोणालाही कळत नाही.

हे जमणार नाही असं म्हणणाऱ्यांनी खरिपात ग्रामपंचायतीजवळच्या सेवा केंद्रावर जाऊन पाहावं. पीकविम्याचे अर्ज, आधार जोडणी, सातबाऱ्याचे उतारे, अनुदानाची नोंदणी. जे लोकांना एकट्यानं जमत नव्हतं ते खुर्चीवर बसलेला एक पोरगा संगणकावर भरून देतो. शब्द, चाल आणि टक्का यांचे रकाने त्याला अवघड नाहीत. जिल्ह्याच्या साहित्य संमेलनांनी, शाहिरांच्या मेळाव्यांनी, जयंती मंडळांनी सत्काराच्या शाली वाटताना शेजारी एक टेबल या नोंदणीसाठी टाकावं. गीतकाराला शाल दिली की ती त्या दिवसापुरती. त्याच्या नावापुढचा टक्का लिहिला गेला तर त्याच्या नातवापर्यंत पोचेल.